लाईट गेल्यावरचे चार तास

बऱ्हाणपूरजवळचं जैनाबाद म्हटलं की बाहेरच्या माणसाला आहूखाना आठवतो. 1631 मध्ये मुमताजमहल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा आग्र्याला नेण्याआधी सहा महिने तिचा देह तापीच्या तीरावरच्या याच बागेत ठेवला होता. आज या मुलखात फिरताना डोळ्यांत भरते ती केळी. बऱ्हाणपूर जिल्ह्याने 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत केळीच निवडली आहे, आणि शेजारच्या रावेरच्या बागांनी हा पट्टा थेट जळगावपर्यंत जोडलेला आहे. जिथे केळी, तिथे वखार आली. वखारीत आता वजनकाटा, संगणक, लेबल छापणारं यंत्र, कॅमेरे आणि पिकवणीची थंड खोली आली. मे-जूनच्या ज्या वावटळीत बागा आडव्या होतात, त्याच वाऱ्यात खांब पडतात आणि लायनीवरचे डीओ फ्यूज उडतात. म्हणून केळीच्या वखारीला बॅटरीचा विचार नीट, कागद-पेन घेऊन करावा लागतो.

समजा, जैनाबादच्या बाजूला दहा टन केळी मावेल अशी पिकवणीची एक खोली असलेली वखार आहे. संध्याकाळ झाली आहे, ट्रक लागला आहे, क्रेट काट्यावर चढत आहेत आणि लाईट गेली. आता काय काय बंद पडतं, आणि त्यातलं काय बंद पडून चालतं?

थंड करणारा कॉम्प्रेसर बंद पडतो. तो बॅटरीवर चालवायचा मोह आधी सोडून द्यावा. थ्री फेज मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. तेवढा झटका सोसणारा इन्व्हर्टर आणि मग तासन्‌तास पुरणाऱ्या बॅटऱ्या घ्यायच्या, तर त्या खर्चात चांगला डिझेल जनरेटर येतो. मोठी मोटर जनरेटरवर आणि लहान, नाजूक, स्मरणशक्ती असलेली यंत्रं बॅटरीवर अशी वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

त्या लहान यंत्रांतही दोन जाती आहेत. दिवे, कॅमेरे, वजनकाटा क्षणभर मिचकावले तरी बिघडत नाही. संगणकाचं तसं नाही. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणजे एका आवर्तनाला 20 मिलिसेकंद लागतात. संगणकाचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण तेवढाच, किंवा त्याहून किंचित कमी वेळ दम धरतो. घरगुती इन्व्हर्टर 'यूपीएस' खटक्यावर असेल तर बहुधा 10 मिलिसेकंदांच्या आसपास बदलतो आणि संगणकाला कळतही नाही. तोच इन्व्हर्टर साध्या खटक्यावर असेल तर त्याला जास्त वेळ लागतो. मग संगणक पुन्हा सुरू होतो आणि अर्धवट लिहिलेली नोंद जाते. किती क्रेट चढले, कोणाचा माल, वजन किती, हे सगळं पुन्हा मोजावं लागतं. अनेक ठिकाणी यंत्र चांगलं असूनही केवळ हा एक खटका चुकीच्या बाजूला असतो. ज्यांना एक क्षणही खंड चालत नाही त्यांनी ऑनलाईन यूपीएस घ्यावा. त्यात वीज कायम बॅटरीच्या वाटेने जाते, त्यामुळे बदलण्याचा प्रश्नच येत नाही. तो महाग असतो, सतत थोडी वीज खातो आणि तापतो. वखारीत तो फक्त संगणक आणि राउटर यांच्यापुरता पुरे.

आता हिशेब. संगणक आणि पडदा 100 वॅट, लेबलचं यंत्र सरासरी 40, वजनकाटा 10, राउटर आणि स्विच 20, कॅमेरे आणि त्यांची पेटी 80, पिकवणी खोलीचे सेन्सर आणि कंट्रोलर 30, आणि 20 वॅटचे सहा दिवे म्हणजे 120. बेरीज 400 वॅट. चार तास चालवायचं तर 1600 वॅट-तास. इन्व्हर्टर स्वतःही काही खातो. 80 टक्के हाती लागतं असं धरलं, तर बॅटरीतून 2000 वॅट-तास निघायला हवेत.

दुकानदार म्हणेल, 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) शिशाच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या घ्या, 24 व्होल्टला 3600 वॅट-तास झाले, भरपूर आहे. इथेच फसगत होते. बॅटरीवर छापलेला 150 हा आकडा बहुतेक वेळा वीस तासांच्या दराचा असतो, म्हणजे साडेसात अँपिअरने हळूहळू उपसली तर. आपण चार तासांत 2000 वॅट-तास काढणार, म्हणजे 500 वॅट, म्हणजे 24 व्होल्टला जवळजवळ 21 अँपिअर. इतक्या जोराने ओढलं की शिशाची बॅटरी तेवढं देत नाही. 150च्या जागी 120च्या आसपास धरावं. म्हणजे हाती 2880 वॅट-तास, आणि त्यातले 2000 काढले तर बॅटरी 70 टक्के रिकामी झाली. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य ती दरवेळी किती खोल उपसली जाते यावर ठरतं. रोजच्या वापरात अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये.

मग काय, चार बॅटऱ्या घ्यायच्या? घेता येतात. त्याआधी छताकडे बघावं. सहा दिव्यांपैकी काट्याजवळचा आणि दारातला असे दोनच बॅटरीवर ठेवले तर भार 320 वॅटवर येतो. चार तासांना 1280, इन्व्हर्टरचा वाटा धरून 1600. ओढ 17 अँपिअरच्या आत येते, त्यामुळे बॅटरीही थोडं जास्त देते, साधारण 3000. त्यातले 1600 काढले तर निम्म्याच्या किंचित पुढे गेलो. चार दिव्यांची वायर वेगळी काढल्याने दोन बॅटऱ्यांची किंमत वाचली. वायरमनला हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण ते वखार बांधतानाच सांगितलं तर फुकटात होतं.

लिथियमचं गणित वेगळं. गोदामासाठी घ्यायची तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यावी. तिचा एक सेल 3.2 व्होल्टचा, आठ सेलांचा संच 25.6 व्होल्टचा. 100 एएचचा असा एक संच 2560 वॅट-तासांचा होतो, आणि तो 80 टक्क्यांपर्यंत निर्धास्त उपसता येतो, म्हणजे 2048. वर आपल्याला सगळ्या दिव्यांसकट लागत होते 2000. जोराने ओढल्याने तिची क्षमता फारशी घटत नाही, पाणी घालावं लागत नाही, हजारो वेळा भरता-उपसता येते. पहिला खर्च मोठा आहे. आणि जुन्याच इन्व्हर्टरला ती परस्पर जोडू नये. शिशाच्या बॅटरीसाठी बांधलेल्या चार्जरचे व्होल्टेज तिला जुळतीलच असं नाही, आणि न जुळल्यास तिच्या आतलं संरक्षक सर्किट ऐन वेळी जोडणी तोडतं.

बॅटरी किती मोठी हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ती किती वेगाने परत भरते हेही. बऱ्हाणपूरकराला हे कुंडी भंडाऱ्यावरून चटकन कळेल. 1615 मध्ये अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात बांधलेल्या त्या जमिनीखालच्या योजनेत सातपुड्याच्या उताराचं पाणी पाझरून बोगद्यात येतं आणि कुंड्यांच्या माळेतून, केवळ उतारावर, शहराकडे जातं. कुंडीत आत्ता पाणी किती दिसतं एवढं बघून भागत नाही, झरा किती भरतो हेही बघावं लागतं. 150 एएचच्या शिशाच्या बॅटरीला साधारण 15 अँपिअरने भरायचं असतं. निम्मी उपसलेली बॅटरी भरायला पाच-सहा तास लागतात, शेवटचा भाग तर फारच सावकाश भरतो. संध्याकाळी चार तास लाईट गेली, रात्री दोन तास आली आणि पुन्हा गेली, तर दुसऱ्या वेळी आपल्याकडे चार तास नसतात. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच दिवसेंदिवस पडून राहिली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि ती क्षमता परत मिळत नाही.

म्हणून आपली जोडणी कोणत्या फीडरवर आहे हे आधी विचारावं. मध्य प्रदेशात गावठाणाच्या फीडरला 24 तास आणि शेतीच्या फीडरला दिवसाला 10 तास वीज, असं सरकारी धोरण आहे. शेतातल्या शेडमध्ये वखार घातली आणि जोडणी पंपाच्या लायनीवरच राहिली, तर रोजच्या 14 तासांच्या अंधाराला कोणतीही बॅटरी पुरणार नाही.

आता पुन्हा पिकवणीच्या खोलीत जाऊ, कारण माझा जीव तिथे अडकतो. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये इथिलीन वायूला 100 पीपीएमपर्यंत परवानगी दिली. खोलीत 16 ते 18 अंश तापमान, 90 टक्क्यांच्या वर दमटपणा आणि इथिलीन, असा हा क्रम. तापमान 13च्या खाली गेलं तर साल काळवंडते, फार वर गेलं तर गर मऊ पडतो आणि रंग मागे राहतो. लाईट गेली की मालकाच्या पोटात गोळा येतो तो या खोलीसाठी.

पण केळी स्वतःच थंडीचा साठा आहे. एक टन केळी एक अंशाने तापवायला जवळजवळ एक युनिट, म्हणजे 1000 वॅट-तासांहून थोडी कमी, उष्णता लागते. पिकणारं फळ श्वास घेतं आणि त्यातून उष्णता सोडतं, टनाला साधारण 100 ते 200 वॅट. 150 धरले तर फळाच्या स्वतःच्या उष्णतेने एक अंश वाढायला सहा तास लागतात. भिंतींतून येणारी गरमी वेगळी, पण पफ पॅनेल चांगली असतील आणि दार बंद असेल तर ती हळू येते. पंखे थांबल्याने थप्पीच्या पोटातले क्रेट बाहेरच्यांपेक्षा लवकर तापतात, हेही खरं. तरीही दार उघडून 'बघू या किती गार आहे' असं कोणी करू नये. तेवढ्यासाठीच सेन्सर बॅटरीवर ठेवायचे: बाहेर उभं राहून आतलं कळावं.

धोका दुसरीकडून आधी येतो. श्वासातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो एक टक्क्याच्या खाली राहायला हवा, नाहीतर पिकणं अडखळतं. त्याच 150 वॅटच्या हिशेबाने एक टन केळी तासाला सुमारे 27 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते, दहा टन 270 लिटर. खोलीत क्रेट सोडून 60 घनमीटर हवा उरली असेल तर तासाला जवळजवळ अर्धा टक्का. म्हणजे तापमान एक अंश वाढायच्या कितीतरी आधी, दोन-सव्वादोन तासांतच हवा कोंदते. म्हणून कॉम्प्रेसर नाही, तर 60 वॅटचा बाहेर हवा फेकणारा पंखा बॅटरीवर असावा. तो दोन तासांनी दहा मिनिटं चालवला तर 10 वॅट-तास खर्च होतात. बाहेरची 40 अंशांची हवा थोडी आत येते, पण तेवढ्याने दहा टन फळाचं तापमान नावालाच हलतं. आणि हवा खेळल्याशिवाय त्या खोलीत माणसाने पाऊल टाकू नये. तिथे गुदमरून जीव जाऊ शकतो. अंधारात, घाईत, एकटा मजूर आत पाठवण्यासारखी दुसरी चूक नाही.

बॅटरी कुठे ठेवायची? खोली गार आहे म्हणून कोणी ती पिकवणीच्या खोलीत ठेवतं. तसं करू नये. दमट हवेत टर्मिनलं गंजतात, आणि इथिलीनचा सिलिंडर जिथे आहे तिथे ठिणगी पडू शकणारं काहीच नको. पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीलाही नको. शिशाची बॅटरी 25 अंशांवर जेवढी जगते, त्याच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात तापीच्या खोऱ्यात सावलीतच पारा 44-45वर असतो. उत्तरेची, सावलीची, वर-खाली जाळी असलेली छोटी जागा द्यावी. जाळी थंडाव्यासाठी लागते, त्याहून जास्त हायड्रोजनसाठी. चार्ज होताना शिशाची बॅटरी हा वायू सोडते आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. पाणी फक्त डिस्टिल्ड, बोअरचं नाही, आणि अ‍ॅसिड कधीच वरून ओतायचं नाही. टर्मिनलांना पेट्रोलियम जेली लावावी. हायड्रोमीटरने दर महिन्याला प्रत्येक सेल बघावा. भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत आकडा 1.24च्या आसपास असतो. एकच सेल बाकीच्यांपेक्षा मागे पडत असेल तर ती बॅटरी आता दगा देणार.

जनरेटर असेल तर वरचे चार तास त्याच्यासाठी राखीव वेळ आहेत: डिझेल आणायला, माणूस यायला, तो सुरू व्हायला. आणि जनरेटर सुरू करणारी बॅटरी वेगळी असते. ती कोपऱ्यात, धुळीत, महिनोन्‌महिने कोणी न बघितलेली असते, आणि वादळाच्या रात्री बहुधा तीच मेलेली निघते. आठवड्यातून एकदा जनरेटर दहा मिनिटं चालवावा. लाईट परत आल्यावरही तिन्ही फेज आलेत का हे बघूनच कॉम्प्रेसर चालू करावा. एक फेज गायब असताना मोटर घरघरते आणि जळते. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवला असेल तर हे काम तोच करतो.

हे सगळं कागदावर आहे. खरं काय ते कळायला महिन्यातून एका दिवशी, माल चढत असताना, मेन स्विच आपणच खाली ओढावा. पहिलं मिनिट संगणकाकडे बघावं, मग घड्याळाकडे. दोन तासांनी व्होल्टेज मोजावं, चार तासांनी पुन्हा. बॅटरीच्या जाळीला एक पुठ्ठा बांधून त्यावर तारीख, भार आणि किती वेळ चालली एवढं लिहावं. मार्चमध्ये चार तास दहा मिनिटं आणि मेमध्ये तीन तास वीस असं दिसलं, तर पाऊस यायच्या आधी नवीन बॅटरी आणायला अजून दोन-तीन आठवडे हातात आहेत.