नेत्रशुष्कता व लेसर दृष्टिसुधार
अश्रू अपुरे स्रवल्याने किंवा लवकर सुकल्याने होणारी नेत्रपृष्ठाची विकृती म्हणजे नेत्रशुष्कता. तिच्यामुळे स्पर्शभिंग सोसत नाही, म्हणूनच पुष्कळजण चष्मा टाळण्यासाठी लेसर शस्त्रक्रियेकडे वळतात. परंतु लॅसिक पद्धतीत स्वच्छमंडलाचा पातळ पापुद्रा कापून उचलताना त्यातील तंत्रिका तुटतात. अश्रुस्रावास चालना त्यांच्याच संवेदनेने मिळत असल्याने मूळची शुष्कता वाढते व काहींत अनेक महिने टिकते.

शिर्मर चाचणीत खालच्या पापणीत अडकवलेली कागदपट्टी ५ मिनिटांत ५ मिमी.पेक्षा कमी भिजल्यास अश्रुस्राव फार कमी समजतात. मात्र पापणीतील तैलग्रंथी बिघडून अश्रू लवकर सुकत असल्यास ही चाचणी निर्दोष दिसू शकते; तिच्यावरच विसंबणे योग्य नव्हे. शुष्कतेने स्वच्छमंडलाच्या वक्रतेचे मापनही चुकते. म्हणून आधी उपचार करून मापन पुन्हा घेतात.