घाणेरी: बाल्कनीतून थेट जंगलात!

मीरा रोडला टॉवरमध्ये राहताय? मग समोरचा हिरवागार डोंगर हा तुमच्या फ्लॅटचा सगळ्यात महागडा 'व्ह्यू'! संजय गांधी राष्ट्रीय उद्यान इथे काशिमीरा, चेणेपर्यंत येऊन टेकतं. पण मी मागच्या रविवारी जंगलाच्या कडेने भटकले, तेव्हा सगळ्यात जास्त भेटलं ते एक परकं झुडूप.

घाणेरी, ऊर्फ टणटणी. पान चुरगळून बघा, नावाचं कारण लगेच कळेल. नर्सरीत मात्र ती 'लँटाना' अशा फॉरेनच्या नावाने मिळते. पाणी कमी, फुलं जवळपास बारमाही, एकाच गुच्छात पिवळा नि गुलाबी रंग. लोकल आणि डेडलाइनमध्ये पिचलेल्या आपल्यासारख्यांना अजून काय हवं?

मूळ अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली ही पाहुणी इंग्रजांनी १८०९च्या सुमारास शोभेसाठी कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आणली. पुढे तिने कुंपण ओलांडलं. देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून जास्त भागात ती पसरल्याचं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

तिची कुरियर सर्व्हिस फुकट आहे: बुलबुल! काळी पिकलेली फळं तो खातो आणि बी कुठेतरी लांब टाकतो. तुमच्या कुंडीपासून जंगल त्याला काही दूर नाही. तिच्या दाट जाळीखाली गवत आणि इथली रोपं तग धरत नाहीत. मग चितळांनी खायचं काय? त्यांच्यावर जगणाऱ्या बिबट्याने काय करायचं?

वरून छाटली तर ती पुन्हा फुटते. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या पद्धतीत जमिनीखाली मुख्य मूळ तोडतात आणि झुडूप उलटं टाकतात. नीलगिरीच्या आदिवासी कारागिरांनी तर तिच्या काड्यांचे लाइफसाइज हत्ती बनवले. २०२१मध्ये ते लंडनच्या पार्कांत दिमाखात उभे होते!

'पण फुलपाखरं येतात ना तिच्यावर?' येतात की, मध प्यायला. पण कढीपत्ता लावलात तर कॉमन मॉर्मन फुलपाखरू त्यावर अंडीही घालेल, शिवाय पोह्यांची सोय!

तुम्ही काय कराल?
- नवीन रोप घेताय? अबोली, कोरांटी घ्या.
- घरी घाणेरी आहेच? फुलं सुकली की गुच्छ खुडा, फळ धरू देऊ नका.
- काढून टाकायची? मुळासकट काढा. मागच्या मोकळ्या प्लॉटवर फेकू नका, प्लीज!