गॅस्टली
गॅस्टली हा ‘पोकेमॉन’ या जपानी खेळमालिकेतला भूत आणि विष अशा दुहेरी प्रकारांत मोडणारा जीव. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या पहिल्या खेळांपासून तो आहे. शरीर जवळजवळ सगळे विषारी वायूचे, उंची १.३ मीटर, वजन मात्र अवघे १०० ग्रॅम. इतरांना गुदमरवणारा हा जीव जोराच्या वाऱ्यात स्वतःच विरू लागतो, हे गमतीचेच. त्या पहिल्या खेळांत तो लव्हेंडर टाउनच्या मनोऱ्यात, म्हणजे मेलेल्या पोकेमॉनच्या दफनस्थानी, भेटतो. ‘सिल्फ स्कोप’ हे उपकरण जवळ नसेल तर तिथे नुसतेच अनोळखी भूत दिसते आणि ते पकडता येत नाही. २५व्या पातळीला गॅस्टलीचे रूप बदलते आणि त्याचा हॉन्टर हा पोकेमॉन होतो. हॉन्टरचा गेंगार हे पुढचे रूप होण्यासाठी मात्र त्याची दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करावी लागते.