आधी आकार, मग भोक

पॉडकास्टच्या या भागात आपण लाकडावर काम करणाऱ्या कारागिरांबद्दल बोललो, पण एक गोष्ट नुसती ऐकून कळण्यासारखी नव्हती, म्हणून ती इथे लिहितो. उदाहरण तंबाखूच्या पाइपचं आहे. तो ओढा असं मी अजिबात म्हणत नाहीये. धूर छातीत न घेताही तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होऊ शकतो. पण वस्तू कशी घडते हे समजून घ्यायला पाइप फार चांगला.

आपल्याकडची चिलीम आठवा. मातीची सरळ नळी, आत तंबाखू अडवायला एक खडा, खाली ओली छापी. कुंभार तशा ढीगभर करतो, फुटली की दुसरी. युरोपातला चांगला पाइप मात्र ब्रायरचा असतो. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाची, मूळ आणि खोड यांच्या मधली जमिनीतली गाठ म्हणजे ब्रायर. वणव्यात वरचं झुडूप जळालं तरी या गाठीतून पुन्हा धुमारे फुटतात. गाठ कापून तिचे तुकडे पाण्यात कित्येक तास उकळतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात.

या गाठीत लाकडाच्या रेषा गाभ्यापासून बाहेर पसरलेल्या असतात. गवताची पेंढी हातात घेऊन बघा: बाजूने काड्यांच्या रेघा दिसतात, टोकाकडून नुसते ठिपके. ब्रायरचंही तसंच. म्हणजे पाइप कुठल्या बाजूने कोरला यावर त्याच्या अंगावर रेघा येणार की ठिपके, हे ठरतं. शिवाय आत बारीक खड्डे दडलेले असतात, ते कोरल्याशिवाय दिसतच नाहीत.

आता सिक्स्टेन इव्हार्सन (१९१०–२००१). मूळचे स्वीडनचे, काम कोपनहेगनमध्ये. थकलेली बिलं वसूल करत फिरायचे. स्वतःचा पाइप मोडला म्हणून दुरुस्तीच्या दुकानात गेले, तिथे तो स्वतःच दुरुस्त केला आणि मालकाने त्यांना कामावरच ठेवलं, अशी हकीकत सांगतात. मला यातला दुरुस्तीचा भाग महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्यांचे शेकडो मोडके पाइप उघडून बघणाऱ्याला पाइप नेमका कुठे दगा देतो हे पाठ होतं.

तोवरची रीत अशी होती की आधी लेथवर ठोकळ्याला भोकं पाडायची, मग त्यांच्याभोवती ठरलेला आकार आणायचा. भोकं पडली की आकार जवळजवळ ठरलाच. लाकडात खड्डा निघाला तर लांबी भरा, नाहीतर फेकून द्या. इव्हार्सन यांचं नाव जोडलं जातं ते हा क्रम उलटवण्याशी. आधी सँडिंगच्या फिरत्या चकतीवर हाताने आकार काढायचा, रेषा वळेल तसं वळायचं, खड्डा दिसला की तेवढी बाजू घासून टाकायची. भोकं शेवटी.

ऐकायला सोपं आहे, पण सगळी जोखीम शेवटच्या दहा मिनिटांवर येते. तंबाखू भरायची वाटी साधारण २० मिलिमीटर रुंद, आणि धूर ओढायची वाट जेमतेम ४ मिलिमीटर. ही वाट देठातून आत शिरून वाटीच्या बरोब्बर तळाशी, मधोमध निघाली पाहिजे. जरा वर निघाली तर तळाशी ओली तंबाखू साचते आणि पाइप गुरगुरायला लागतो. वाकडी गेली तर अंग फोडून बाहेर! सगळं कोरून झालेला पाइप हातात धरून फिरत्या गिरमिटावर चढवायचा, म्हणजे डोळ्यांनी न दिसणारी रेघ मनात धरूनच.

‘हँडमेड’ म्हणजे मशीन नको, असं आपल्याला उगाच वाटतं. इव्हार्सन मोटरवर चालणारी चकती वापरत होते, लेथही. फरक एवढाच की आकार कुठे थांबवायचा हे त्या तुकड्याकडे बघून माणूस ठरवत होता. गंमत म्हणजे त्यांनी स्टॅनवेल या डॅनिश कंपनीसाठीही आकार तयार केले, आणि कारखान्यात त्यांच्या नकला निघत राहिल्या. एका तुकड्याकडे बघून सुचलेली वळणं अशी भलत्याच तुकड्यांवर चढली. मला यात फसवणूक दिसत नाही. महागडा पाइप न परवडणाऱ्याच्या हातात निदान ते वळण तरी आलं.

पुढे जपानचे हिरोयुकी तोकुतोमी त्यांच्याकडे शिकायला कोपनहेगनला आले. मुलगा लार्स हाच धंदा करू लागला, आणि त्याची मुलगी नाना आजोबांच्या हाताखाली शिकली. ती आजही पाइप बनवते.