एकाच वाटेवर, आपापल्या चालीने

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत एक तरुण मराठी कवी चढला. वय एकतिसाच्या आसपास, संस्कृतचा गाढा व्यासंग, खिसा बहुधा रिकामा. डब्यात एक गोरा प्रवासी बसला होता. त्या काळच्या अनुभवावरून कवीची अपेक्षा होती ती उर्मटपणाची. पण त्या माणसाने सरकून जागा दिली. बोलणं सुरू झालं, संस्कृत कवींवर रंगलं आणि हळूहळू धर्माकडे वळलं. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. वाचेन, असा शब्द कवीने दिला होता, म्हणून त्याने पुस्तक उघडलं. डोंगरावरील प्रवचनापर्यंत पोचल्यावर मात्र ते खाली ठेववेना.

तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. सहप्रवासी अर्नेस्ट वॉर्ड नावाचे अमेरिकन मिशनरी होते, हे पुढे उलगडलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

रायपूरच्या समता कॉलनीत आणि शेजारच्या चौबे कॉलनीत मराठी घरं बरीच आहेत. कोणी रेल्वेच्या, कोणी सरकारी नोकरीच्या, कोणी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या निमित्ताने इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांत ख्रिस्ती घरं मोजकी. नोकरी संपलेल्या, मुलं दूर गेलेल्या अशा घरातल्या जोडप्याचं वर्ष उपासनेच्या चक्रावर फिरतं. नाताळ येतो. फेब्रुवारीत शिवनाथ नदीतल्या मदकू द्वीपावर ख्रिस्ती मेळा भरतो. मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा सण. उन्हाळ्यात मुलांकडे जायचं, पावसाळ्यात परत यायचं. चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, पण घरच्या प्रार्थनेत ओठांवर गीतं येतात ती टिळकांची. ज्या आगगाडीत या गीतांची मुळं आहेत, ती ज्या राजनांदगावला जात होती ते आपल्या घरापासून जेमतेम सत्तर किलोमीटरवर आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात असतं. अशा प्रत्येक जोडप्याला नारायणराव आणि लक्ष्मीबाईंच्या उतारवयाची गोष्ट ठाऊक असावी, असं मला मनापासून वाटतं.

वेगळी चूल

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या, जन्म १८६८चा. लग्न झालं १८८० साली. नवरा एका गावी टिकत नसे. नोकरी लागायची, सुटायची, हाती आलेला पैसा गरजूंच्या हाती जायचा, आणि घरात काय शिल्लक आहे याचा विचार न करता पाहुणे यायचे. मुरबाड, नागपूर, राजनांदगाव अशी बिऱ्हाडं बाईंनी त्याच ओढाताणीत मांडली आणि मोडली. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी ‘ऋषी’ हे मासिक चालवलं. त्यानंतर राजनांदगाव संस्थानातली नोकरी आली.

धर्मांतराची बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. कर्मठ सोवळ्यात वाढलेल्या बाईला नवरा जिवंत असूनही परका झाला होता. मुलाला घेऊन त्या नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरातही. याच विरहात त्यांनी कविता लिहायला सुरुवात केली. टिळक पत्रं लिहीत राहिले. जवळजवळ पाच वर्षांनी त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याकडे आल्या त्या आपल्या अटींवर. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं त्यांचं त्यांच्यापाशी.

त्या घराची कल्पना करून पाहा. नवरा ख्रिस्ती उपदेशक आणि बायको स्वतःचा घडा स्वतः भरून आणणारी. टिळकांनी घाई केली नाही. जातीचा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न बाईंनी स्वतःला विचारला, स्वतःच सोडवला आणि एके दिवशी ठरवलं की यापुढे कोणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. आधी शिवाशिव गेली. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर आला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या दांपत्याकडून घेण्यासारखं सर्वांत मोलाचं काही असेल तर ते हेच. एका घरातल्या दोघांची श्रद्धा एका वेगाने चालतेच असं नाही. एकाने दुसऱ्याला फरफटत नेलं नाही, तर मागे राहिलेला पुढे फार लांबचा पल्ला गाठतो.

पगार सोडल्यानंतर

अहमदनगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. १९१२पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे होतं. ख्रिस्ती उपासनेला त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तनाचं वळण दिलं. त्याआधी मराठी मंडळ्यांत विलायती चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं म्हटली जात. मराठी मनाला देवाशी बोलायचं तर ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेत, हे टिळकांना पक्कं कळलं होतं. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत.

सप्टेंबर १९१७ मध्ये, पंचावन्न पूर्ण झालेले असताना, त्यांनी मिशनचं वेतन सोडलं. आज ज्याला आपण निवृत्तीचं वय म्हणतो त्याच्या आसपास हा माणूस संन्यस्त वृत्तीने नव्या कामाला लागला. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ज्यांना ज्यांना ख्रिस्ताला गुरू मानावंसं वाटतं अशा सर्वांनी एकत्र येऊन सेवा करावी, ही त्यामागची कल्पना होती. चर्चच्या सभासदत्वाची यादी तिथे दारावर लावलेली नव्हती. हीच प्रेरणा घेऊन पुढे इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला आणि १९२३ साली टिळकांचं चरित्र प्रसिद्ध केलं.

दरबाराला आयुष्य मात्र थोडं मिळालं. आधी ५ मे १९१८ रोजी तरुण कवी बालकवी ठोमरे जळगावजवळच्या भादली स्थानकावर रेल्वेखाली सापडून गेले. अवघं सत्ताविसाचं वय. नगरला टिळकांच्या घरात हा मुलगा घरचाच होऊन राहिला होता. लक्ष्मीबाईंनी त्याचे हट्ट पुरवले होते, रागरुसवा सोसला होता. त्यानंतर वर्षभरानेच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला दफन न करता अग्नी देण्यात आला.

बाईंचं काम सुरू होतं तेव्हा

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही. अक्षरं गिरवली ती नवऱ्याकडून, तीही त्याच्या लहरीप्रमाणे. मुंबईत त्यांनी मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी घेतली. नंतर मुलगा देवदत्त याच्या संसाराबरोबर कराचीला राहिल्या. नातवंडांच्या गराड्यातल्या त्या वर्षांतही हात स्वस्थ नव्हते. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतलं होतं. पहिले दहा-अकरा अध्याय लिहून झाले आणि ते गेले. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. शेवट देवदत्तांनी केला. वडिलांनी आरंभ करावा, आईने ते वाढवावं आणि मुलाने पूर्णत्वाला न्यावं, असा ग्रंथ मराठीत दुसरा सापडणं कठीण.

१९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये बाहेर आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांनी देह ठेवला. जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईचं हे आत्मचरित्र आज मराठी गद्याचा मानदंड मानलं जातं. जोसेफीन इंकस्टर यांनी ते इंग्रजीत नेलं, विजया मेहता यांनी दूरदर्शनसाठी पडद्यावर आणलं. लक्ष्मीबाईंनी त्यात नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलं नाही आणि कोर्टातही उभं केलं नाही. त्याचा संताप, विसराळूपणा आणि अपार दयाळूपणा एकाच मायेने सांगितला. ज्या बाईला स्वतःच्या वेळेने चालू दिलं गेलं, तिलाच असं मोकळेपणाने लिहिता येतं.

आपलं वर्ष

राजनांदगावला आपण जातो ते बहुधा डोंगरगडच्या वाटेवर किंवा कामापुरते. मराठी माणसाने एकदा मुद्दाम जावं. टिळकांनंतर साठ-पासष्ट वर्षांनी, १९५८ पासून, गजानन माधव मुक्तिबोध याच गावी दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. घरात मराठी बोलणारा हिंदीतला थोर कवी. एवढ्या लहान गावाशी एवढ्या मोठ्या दोन प्रतिभांचं नातं जुळावं, याचा अभिमान आपण छत्तीसगडी मराठी लोकांनी उघडपणे बाळगायला हवा.

निवृत्त जोडप्याने पुढच्या वर्षाचा बेत आखताना अहिल्यानगर, सातारा आणि नाशिक ही गावंही त्यात धरावीत. निघण्याआधी ‘स्मृतिचित्रे’ एकाने वाचावं, दुसऱ्याने ऐकावं, रोज थोडं. हे पुस्तक फक्त ख्रिस्ती घरांचं नाही. ज्या घरात एकजण देवळात जातो आणि दुसरा बाहेर थांबतो, एकाची श्रद्धा गाते आणि दुसऱ्याची अजून प्रश्न विचारते, त्या प्रत्येक घराचं ते आहे. चाळीस वर्षांच्या संसारानंतरही जोडीदाराच्या मनात विश्वासाची एखादी वेगळी चूल पेटलेली असू शकते. ती विझवायची नसते. टिळकांनी ती विझवली नाही, आणि म्हणूनच त्यांचं अर्धं राहिलेलं काम पुढे नेणारं माणूस त्यांना स्वतःच्या घरातच मिळालं.