एक कट्टा सामान

छपरीच्या आढ्याला काटा टांगलाय. एरवी त्याला धानाचे कट्टे लटकतात. आज निळी ट्रॉली बॅग अडकवली आहे. बॅग स्वतःभोवती हळूहळू फिरते. पोरीचा बाप वाकतो, डोळे बारीक करतो, वाचतो. "एकवीस." बॅग खाली उतरते. मग दोरीनं आवळलेली चुंगडी वर जाते. "साडेसतरा." शेवटी पाठीवरची सॅक. "पाच." ती वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडते. साडेत्रेचाळीस.

स्लीपरच्या तिकिटावर माणशी 40 किलो सामान विनाशुल्क नेता येतं. खरेदी केंद्रावर भरला जाणारा धानाचा कट्टाही 40 किलोचाच. बाप म्हणतो, "एक कट्टा न्यायचा. वरचे साडेतीन काढा." शेजारचा एकजण सांगतो की गाडीत कोणी तोलत नाही. बाप मान हलवतो. या घरातून काहीही बाहेर जायचं तर ते आधी या काट्यावरून जातं.

बपेरा. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं, राज्याच्या अगदी काठावरचं गाव. बावनथडी नदीवरचा पूल ओलांडला की बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश. जूनचा पहिला आठवडा आहे. नवतपा संपलाय, ऊन मात्र जागचं हललेलं नाही. सकाळचे आठ वाजलेत आणि अंगणातली माती पायाला चटका देते. कवेलूच्या फटींतून उन्हाच्या बारीक काड्या आत उतरतात. कोपऱ्यात कुलर घरघरतो. त्याच्या वाळ्याचा ओला वास खोलीभर आहे. लाइट जाते. घरघर थांबते, वास राहतो.

पोरीनं नर्सिंगचा कोर्स पूर्ण केलाय. पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आहे. परवा हजर व्हायचं आहे. तिच्या आधी या घरातून शिकायला किंवा कमवायला कोणी नागपूरच्या पुढे गेलेलं नाही.

आई चुंगडी सोडते. आत काय काय आहे ते आता सगळ्यांना दिसतं. एचएमटी तांदूळ पाच किलो. त्याच्या आत वेगळ्या पिशवीत किलोभर चिन्नोर, सणासुदीला. लाल तिखट. जवसाची चटणी. लाखोळीची डाळ. कोहळ्याच्या वड्या, जुन्या साडीच्या फडक्यात. आंब्याचं लोणचं, बरणीच्या तोंडाला प्लास्टिक आणि त्यावर सुतळी. एक तवा. एक झाकणाचा गंज. दोन ताटं.

"मेस आहे ना तिथं," पोरगी म्हणते.

"मेसचा भात आवडला नाई तं?"

गंज बाहेर येतो. तवाही येतो. ताटं दोनाची एक होते. आजी भिंतीला टेकून बसली आहे. तिचा हात चिन्नोरच्या पिशवीवर आहे, तो निघत नाही. पोरगी बॅगेतून प्रसूतिशास्त्राचं जाडजूड पुस्तक काढते. हातात धरते. चाळते. परत ठेवते. मग लोणचं अर्धं होतं. बाप पुन्हा काटा धरतो. चाळीस भरतात. आई गंज उचलून चुलीजवळ नेऊन ठेवते, जिथून आणला होता तिथंच.

तिकिटासाठी पोरगी आणि बाप सिहोऱ्याला येतात. तिथल्या एका दुकानात पावणेअकराला आठजण उभे आहेत. दुकान दहा बाय दहाचं. दाखले, झेरॉक्स, फोटो, रेल्वे तिकीट, सगळं इथंच. पंखा गरम वारा फेकतो. झेरॉक्स मशिनच्या शेजारी उभं राहवत नाही. भिंतीवर दाखल्यांच्या कागदपत्रांची यादी चिकटवली आहे, तिच्या कडा पिवळ्या पडून वळल्यात.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. नोकरीचं पत्र बारा दिवसांपूर्वी आलं. उरतं ते तत्काळ. स्लीपरचं तत्काळ गाडीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला उघडतं. दुकानदारानं तिचं नाव, वय, सगळं आधीच भरून ठेवलंय. दहा एकोणसाठला दुकानातलं बोलणं थांबतं. बाहेर म्हातारा खोकत होता, तोही थांबतो. पडद्यावर चक्र फिरतं. फिरतच राहतं. मोबाइलवर ओटीपी येतो, ती तो मोठ्यानं वाचते, एक आकडा चुकते, पुन्हा वाचते.

"झालं. साइड अप्पर, 32."

रांगेतल्या अनोळखी बाईलाही हायसं वाटतं. पोरीच्या मागच्या पोराचं तिकीट मात्र वेटिंगवर जातं. तो आयटीआय झालाय. चाकणला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून जायचंय. तो काही बोलत नाही. जनरलच्या डब्यात जाईन, एवढंच फोनवर कुणाला तरी सांगतो.

आठांपैकी पाचजण पुण्याकडे जाणारे आहेत. 2011 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाख 334 होती, पुणे जिल्ह्याची 94 लाखांच्या वर. त्याआधीच्या दहा वर्षांत भंडारा जेमतेम साडेपाच-सहा टक्क्यांनी वाढला, पुणे 30 टक्क्यांनी. ही वाढ कुठून जाते आणि कुठं पोचते, ते या दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहिलं की दिसतं. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल आहे.

तिच्या फाइलमध्ये काय नाही? दहावी-बारावीच्या गुणपत्रिका. टीसी. नर्सिंग कौन्सिलचं नोंदणीपत्र. अधिवासाचा दाखला. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून आजोबाच्या शाळेतल्या नोंदीची नक्कल. तो शिकला तेव्हा हा मुलूख मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. आईच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा भंडारा लिहिलाय. तिचं माहेर आता गोंदियात आहे, कारण 1 मे 1999 ला जिल्हाच दुसरा झाला. तीन पिढ्या एकाच भागात राहिल्या आणि कागदावरचा पत्ता दर पिढीला बदलत गेला. हा भाग सोडून जाणारी पहिली हीच. सगळ्याच्या तीन-तीन प्रती निघतात. फोटो आठ. लॅमिनेशनचा वास कपड्यांत बसतो.

परतताना ती फोन लावते. तुमसरची एक सीनियर पुण्यात आधीपासून आहे, तिनं खोली पाहून ठेवलीय. खोली म्हणजे एक खाट. चौघींची खोली, एका खाटेचे महिन्याला साडेपाच हजार, अनामत दोन महिन्यांची. व्हिडिओवर तिनं खिडकी दाखवली होती, खिडकीबाहेर दुसरी भिंत. घरमालकीण तोंडी बोलावरच ठेवून घ्यायला तयार आहे.

"करार करून घेजो," बाप मध्येच म्हणतो. त्याला हे कुठून कळलं कोण जाणे, पण तो बरोबर बोलतोय. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं असा करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांचा करार सगळीकडे चालतो. गावाकडून जाणाऱ्या मुलींनी हा कागद हातात असल्याशिवाय अनामत देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. अनामत बुडाल्याच्या कहाण्या मी याच रस्त्यावर ऐकल्या आहेत.

अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून साडेसोळा हजार. बाप हा हिशेब रुपयांत करत नाही. सामान्य धानाचा 2025-26 चा आधारभूत भाव क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे सात क्विंटल. म्हणजे साडेसतरा कट्टे. उन्हाळी धान केंद्रावर देऊन झालंय, चुकारे मात्र अजून खात्यावर आलेले नाहीत. तोवर आईनं बचत गटातून उचल घेतली आहे. पैसे ब्लाउजच्या आत, रुमालात, गाठ मारून.

संध्याकाळी मी पुलावर जातो. बावनथडीला पाणी थोडं आहे. वाळूचे पट्टे, मधून पाण्याची बारीक रेघ. गुरं पलीकडून येतात. मोटारसायकली दोन्हीकडून जातात. एक बाई पलीकडच्या गावातल्या लेकीला भेटून परत येतेय, डोक्यावर गाठोडं. ती राज्य ओलांडून आली आहे आणि तिला विचारलं तर ती म्हणते, "कुठी नाई गेली, पलीकडं गेली होती." पूल ओलांडणं म्हणजे जाणं नव्हे. पुणं आपल्याच राज्यात आहे. पण गल्लीतला प्रत्येकजण आज त्या घरासमोर थांबून विचारतो, "उद्या जाते ना पोरगी?"

रात्री जेवणं झाल्यावर छपरीत बाया येतात. कोणी रिकाम्या हातानं येत नाही. एकीनं जवसाचे लाडू आणलेत. दुसरीचा मुलगा भोसरीला आहे. तिनं त्याच्यासाठी वड्या आणि तिखट बांधून आणलंय, वर कागदावर नंबर. "तुझ्या तिकडंच हाय ना माय, देजो त्याले." भोसरी तिच्या खोलीपासून किती लांब, हे इथं कुणालाच माहीत नाही. तिसरी बाई आपल्या भाच्यासाठी एक स्वेटर देते. जूनमध्ये. आई प्रत्येकीचं घेते. नाही म्हणायची सोय नसते, उद्या आपल्यालाही कुणाच्या तरी हाती पाठवायचं असतं.

पुडे चुंगडीजवळ साचतात. बाप बाजेवर बसून पाहतो. काटा आढ्याला तसाच लोंबतोय. तो उठत नाही.

बाया रोवणीचं बोलतात. मृग दोन-चार दिवसांवर आलाय. पऱ्हे टाकायचे, मग जुलैत रोवणी. यंदा एक हात कमी. कुणी ते बोलून दाखवत नाही, पण मजुरीचा विषय निघतो आणि पोरगी उठून आत जाते. आत आजी अंधारात बॅगेच्या बाहेरच्या कप्प्याची चेन उघडायचा प्रयत्न करतेय. तिच्या मुठीत काहीतरी आहे. पोरगी तिला चेन उघडून देते आणि दुसरीकडे बघते.

पहाटे पाचला कोंबडा आणि हातपंप एकदमच सुरू होतात. हवा पहिल्यांदा सुसह्य आहे. देवाजवळ दिवा. दही-साखर. पोरगी आजीच्या पाया पडते, आजी तिचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवते, बस आली असं कोणीतरी ओरडेपर्यंत.

एसटीत सामान चढवायला चारजण लागतात. कंडक्टर चुंगडीकडे बघतो, काही म्हणत नाही. "एक पूर्ण, दोन अर्धी, तुमसर." बायकांना एसटीत निम्मं तिकीट, मार्च 2023 पासून. खिडकीतून बांध्या मागे सरकतात. धान निघालंय, बुडखे उरलेत. कुठं तणशीचे ढीग, कुठं जाळलेल्या शेताचा काळा चौकोन. सिहोरा येतं. कालचं दुकान बंद आहे. पोरगी मोबाइलवर काहीतरी शोधतेय. मी डोकावतो. पुणे स्टेशन ते खोली, नकाशावरची निळी रेघ. ती बोटांनी तो भाग मोठा करते, पुन्हा लहान करते.

तुमसर. राइस मिलची धुराडी, कोंड्याचा वास. बसस्थानकावरून ऑटो, मग देव्हाडी. तुमसर रोड स्टेशन या गावात आहे. इथून एक फाटा तिरोडीकडे, मँगनीजच्या मुलखात जातो. मुख्य लाइन हावड्याकडून येते आणि मुंबईकडे जाते.

फलाटावर सावली एका पट्टीपुरती आहे आणि सगळे त्या पट्टीत उभे. ऊन सरकतं तशी माणसं सरकतात. सामान मात्र उन्हातच राहतं. गाडी महाराष्ट्र एक्स्प्रेस. सकाळी गोंदियाहून निघते, कोल्हापूरला जाते. तेराशे किलोमीटरहून लांब पल्ला, सगळा एकाच राज्यातून. नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड. तिथून खाली वळून दौंड. पुणं दुसऱ्या दिवशी पहाटे. बापानं ही नावं रात्री पाठ केली आहेत. आता तो ती तिला पुन्हा म्हणून दाखवतो. "मनमाडले झोपू नको. दौंडले तोंड धुजो."

कालचा चाकणवाला पोरगा दिसतो. एक सॅक, एक गुंडाळलेली सतरंजी. तो इंजिनच्या बाजूला, जनरल डबा जिथं लागतो तिकडं जाऊन उभा राहिला आहे. त्याला सोडायला कोणी आलेलं नाही. आई त्याच्याकडे बघते, मग रात्री आलेल्या पुड्यांतून दोन लाडू काढून कागदात बांधते आणि पोरीच्या बापाला पाठवते. पोरगा आधी नको म्हणतो. मग घेतो.

गाडीची घोषणा होते. सगळे उठतात. गाडी येत नाही. सगळे बसतात. एक चहावाला दोनदा फेरी मारतो. लोणच्याच्या बरणीतून तेल सुटलंय, चुंगडीवर रुपयाएवढा डाग. आई पदरानं पुसते. डाग पसरतो.

मग रुळांचा आवाज. इथं गाडी फार वेळ थांबत नाही. बाप बॅग आत ढकलतो, चुंगडी उचलतो, ती दारात अडते, आतून एक अनोळखी माणूस ओढून घेतो. सॅक. फाइल. "फाइल हातातच ठेवजो!" पोरगी दारात येते, पुन्हा आत जाते, मग खिडकीत दिसते, दुसऱ्याच कुणाच्या तरी बर्थवर गुडघा टेकून. आई खिडकीच्या गजावर हात ठेवते. दोघी एकदम बोलतात, म्हणून कुणाचंच ऐकू येत नाही. गाडी हलते. आई दोन डबे सोबत चालते. मग फलाटावर ऊन येतं.

बाप खिशातून दहा-दहा रुपयांची दोन फलाट तिकिटं काढतो, बघतो, परत ठेवतो.

तुमसरच्या स्थानकावर परतीची बस तापून उभी आहे. सीटचा रेक्झिन अंगाला चिकटतो. आई खिडकीशी बसते, मांडीवर रिकामी पिशवी. कंडक्टर समोर येतो.

"एक अर्धं, बपेरा," बाप म्हणतो. "माझं सिहोऱ्यापर्यंतच. बँकेत चुकारे आले का, पाहून येतो."