उंच मुली गोळा केल्या म्हणजे संघ होत नाही
अमेरिकी महिला कॉलेज बास्केटबॉलमधल्या फ्रंटकोर्टविषयीचे सात गैरसमज

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम साधारणपणे एप्रिलच्या पहिल्या रविवारी अंतिम सामन्याने संपतो. २०२४ सालचा आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना हा अंतिम सामना तिथे पावणेदोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. त्या वर्षी पुरुषांच्या अंतिम सामन्यालाही एवढा प्रेक्षक लाभला नव्हता. बहुतेक जण आयोवाच्या केटलिन क्लार्कचे लांबून मारलेले शॉट पाहायला बसले होते. सामना मात्र बास्केटच्या खाली ठरला. साउथ कॅरोलायनाने ५१ रिबाउंड (शॉट हुकल्यावर पकडलेले चेंडू) मिळवले, आयोवाने २९. निकाल ८७-७५.

बास्केटजवळ खेळणाऱ्या फॉरवर्ड आणि सेंटर यांची फळी म्हणजे फ्रंटकोर्ट. या फळीत आघाडीच्या खेळाडूंमागे दमदार राखीव खेळाडू हव्यात, हे सगळेच मान्य करतात. त्या कशा मिळतात आणि मिळाल्यावर कशा टिकतात, याविषयी मात्र मुरलेल्या चाहत्यांच्याही डोक्यात बरेच गैरसमज असतात.

गैरसमज १ : सहा फुटांवरच्या चार-पाच मुली असल्या की फ्रंटकोर्ट भक्कम.

वस्तुस्थिती : उंची दिसते म्हणून मोजली जाते. प्रशिक्षक मोजतात ती मिनिटे. सामना ४० मिनिटांचा, १० मिनिटांची चार सत्रे. आत खेळणाऱ्या दोन जागा धरल्या तर दर सामन्याला ८० मिनिटे भरायची असतात. मुख्य दोघी प्रत्येकी ३० मिनिटे खेळल्या तरी २० मिनिटे उरतात. त्यात पाच फाउल झाले की खेळाडू सामन्यातून बाद. पूर्वार्धात दोन फाउल झाले तरी बहुतेक प्रशिक्षक तिला मध्यंतरापर्यंत बाहेर बसवतात. आत खेळणाऱ्यांचे फाउल लवकर होतात, त्यामुळे एरवी २० मिनिटांची असलेली गरज एखाद्या रात्री दुप्पट होते.

नुसत्या उंचीची मर्यादा २०२३ च्या उपांत्य सामन्यात उघडी पडली. साउथ कॅरोलायना त्या हंगामातले सगळे ३६ सामने जिंकून आली होती. संघात ६ फूट ५ इंचांची अलिया बॉस्टन होती, तिच्यामागे ६ फूट ७ इंचांची कामिला कार्दोसो. रिबाउंडमध्ये त्यांनी आयोवाला ४९-२५ असे मागे टाकले आणि तरीही सामना ७७-७३ असा गमावला. बॉस्टन सुरुवातीलाच फाउलमध्ये अडकली. शिवाय आयोवाने साउथ कॅरोलायनाच्या काही गार्डना (बाहेरून खेळणाऱ्यांना) मोकळे सोडून आतली जागा माणसांनी भरून टाकली. तुम्ही मारा बाहेरून, आत येऊ देणार नाही, असा तो सरळ हिशेब होता. बाहेरून नेम लागेना, तेव्हा आतल्या उंच खेळाडूंना वळायलाही जागा उरली नाही. म्हणून प्रशिक्षक एकाच साच्यातल्या चौघी घेत नाहीत. एक बास्केट राखणारी, एक धावून रिबाउंड काढणारी, एक बाहेर येऊन शॉट मारणारी, अशी फळी त्यांना हवी असते.

गैरसमज २ : बेंचवर बसणारी ती दुय्यम.

वस्तुस्थिती : ब्राझीलच्या माँतेस क्लारोस शहरातली कामिला कार्दोसो २०२०-२१ मध्ये सिराक्यूज विद्यापीठाकडून खेळली आणि तिच्या कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या गटाची, सर्वोत्तम नवोदित ठरली. त्यानंतर ती साउथ कॅरोलायनात आली ती थेट बॉस्टनच्या मागे. दोन वर्षे ती प्रामुख्याने बेंचवरूनच मैदानात उतरत होती. २०२२ च्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने कनेक्टिकटला ६४-४९ असे हरवले. रिबाउंड होते ४९-२४. बॉस्टन थकली तरी समोरच्यांना उसंत मिळत नव्हती, कारण बदली म्हणून येणारी तिच्याहून दोन इंचांनी उंच होती.

२०२३ मध्ये बॉस्टन व्यावसायिक लीगमध्ये गेली आणि कार्दोसो मुख्य सेंटर झाली. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात तिने १५ गुण आणि १७ रिबाउंड मिळवले, अंतिम फेरीतली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली आणि संघाचा हंगाम ३८-० असा संपला. त्याच सामन्यात साउथ कॅरोलायनाच्या राखीव खेळाडूंनी ३७ गुण केले. आयोवाच्या राखीव खेळाडूंचे गुण होते शून्य.

गैरसमज ३ : ट्रान्सफर पोर्टल म्हणजे आयपीएलचा लिलाव.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या वाचकाला ही तुलना पटकन सुचते, पण ती जुळत नाही. पोर्टल ही १५ ऑक्टोबर २०१८ पासून चालू असलेली, संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची विद्यापीठांसाठीची नोंदवही आहे. खेळाडूने ठरलेल्या मुदतीत लेखी कळवले की तिच्या विद्यापीठाला तिचे नाव तिथे घालावे लागते. मग इतर प्रशिक्षक तिच्याशी बोलू शकतात. बोली लागत नाही, जुन्या विद्यापीठाला मोबदला मिळत नाही आणि कुठे जायचे हे खेळाडूच ठरवते. जोखीमही तिचीच असते, कारण नाव नोंदवल्यावर जुने विद्यापीठ पुढच्या सत्रापासून शिष्यवृत्ती बंद करू शकते.

पैसा आला आहे, हे खरे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती आणि करार करता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठे थेट खेळाडूंनाही रक्कम देऊ शकतात. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून त्याची कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. पण फ्रंटकोर्टमधल्या बऱ्याच मुली परदेशातून विद्यार्थी व्हिसावर येतात आणि त्या व्हिसावर अमेरिकेत राहून कमाई करण्यावर कडक बंधने आहेत. त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि खेळायला मिळणारा वेळ यांचे वजन आपोआप वाढते.

गैरसमज ४ : ट्रान्सफर ही कालपरवाची टूम आहे. पूर्वी मुली एकाच संघाशी एकनिष्ठ असत.

वस्तुस्थिती : पूर्वीही मुली संघ बदलत, फक्त त्याची किंमत एक वर्ष होती. नव्या विद्यापीठात आल्यावर सराव करायचा, पण वर्षभर सामना खेळायचा नाही, असा नियम होता. अलिशा ग्रे नॉर्थ कॅरोलायनातून आणि केयला डेव्हिस जॉर्जिया टेकमधून साउथ कॅरोलायनात आल्या त्या याच नियमाखाली. २०१५-१६ चा हंगाम दोघींनी बाहेर बसून काढला.

त्यांचा उपयोग झाला तो फ्रंटकोर्ट उघडा पडल्यावर. प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी एजा विल्सन आणि अलेना कोट्स या ६ फूट ४ इंचांच्या दोघी आपल्याच राज्यातून भरती केल्या होत्या. २०१७ च्या राष्ट्रीय स्पर्धेआधी कोट्सचा घोटा दुखावला आणि ती बाहेर गेली. दोन उंच खेळाडूंवर बेतलेली चाल मग स्टेलींनी मोडली आणि विल्सनभोवती चपळ खेळाडू उभ्या केल्या. अंतिम सामन्यात समोर मिसिसिपी स्टेटची ६ फूट ७ इंचांची टिएरा मॅकॉवन होती. साउथ कॅरोलायना ६७-५५ अशी जिंकली. विल्सनचे २३ गुण, ग्रेचे १८.

वर्षभर थांबण्याची अट २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती उठली. २०२४ पासून, अभ्यासाच्या अटी पाळल्या तर कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येते.

गैरसमज ५ : आता पोर्टल आहे, शाळकरी मुलींच्या मागे कशाला धावायचे?

वस्तुस्थिती : २०२५ चा अंतिम सामना कनेक्टिकटने साउथ कॅरोलायनाविरुद्ध ८२-५९ असा जिंकला. त्यात सारा स्ट्राँगने २४ गुण आणि १५ रिबाउंड मिळवले. ती शाळेतून थेट आलेली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलगी होती. उंची ६ फूट २ इंच, म्हणजे फ्रंटकोर्टच्या हिशेबात काही विशेष नाही. पण ती बाहेरून शॉट मारते, पास देते आणि आत घुसून रिबाउंडही काढते. त्या स्पर्धेत तिने ११४ गुण केले. पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी तो विक्रम होता.

पोर्टलमध्ये तयार खेळाडू मिळते, पण ती सगळ्यांनाच दिसते आणि तिच्यासाठी रांग लागते. शाळेतून आलेली मुलगी चार वर्षांसाठी मिळू शकते आणि ती संघाच्या पद्धतीत घडते. संघातल्या खेळाडूंची यादी आता १५ जणींपुरती मर्यादित आहे. त्यामुळे शहाणे प्रशिक्षक पाया भरतीवर घालतात आणि राहिलेली भोके पोर्टलमधून बुजवतात.

गैरसमज ६ : राखीव सेंटर जितक्या जास्त, तितके चांगले.

वस्तुस्थिती : लॉरेन बेट्स हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. ६ फूट ७ इंचांची ही मुलगी २०२२ मध्ये शाळेतून बाहेर पडली तेव्हा देशातली अव्वल क्रमांकाची खेळाडू मानली जात होती. ती स्टॅनफर्डला गेली. तिथे कॅमरन ब्रिंक होती, ६ फूट ४ इंचांची आणि आधीच नावाजलेली. त्या वर्षी बेट्सच्या वाट्याला सामन्यामागे दहाही मिनिटे आली नाहीत. गुणांची सरासरी ५.९.

हंगाम संपल्यावर ती यूसीएलएमध्ये गेली. तिथे पहिल्याच वर्षी सरासरी १४.९ गुण आणि २०२४-२५ मध्ये २०.२ गुण. त्याच हंगामात यूसीएलए पहिल्यांदा एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत पोहोचली. मुलगी तीच, उंचीही तीच. बदलली ती फक्त मिनिटे.

इथे कार्दोसो आणि बेट्स शेजारी ठेवून पाहाव्यात. दोघी ६ फूट ७ इंचांच्या, दोघींच्या पुढे देशातली एकेक नामवंत खेळाडू. एक थांबली, एक गेली, आणि दोघींचेही भले झाले. राखीव फळीचा खरा पेच हाच आहे. संघाला राखीव खेळाडू हवी असते, पण तिला राखीव राहायचे नसते. आज इतकी मिनिटे, पुढच्या वर्षी ही जागा, असा विश्वासार्ह हिशेब प्रशिक्षक मांडू शकला तर ती थांबते. नाही तर एप्रिलमध्ये तिचे नाव पोर्टलमध्ये दिसते आणि ज्या राखीव ताकदीचे कौतुक चालले होते ती महिन्याभरात रिकामी होते.

गैरसमज ७ : दुखापत दैवाधीन, आणि खेळाडू सोडून गेल्या की सगळेच संपले.

वस्तुस्थिती : दुखापत कोणाला होईल हे सांगता येत नाही. कोणाला तरी होणार, हे मात्र नक्की. जानेवारी २०२४ मध्ये टेक्सासमधल्या टीसीयू विद्यापीठाच्या इतक्या खेळाडू जायबंदी झाल्या की दोन सामने न खेळताच सोडून द्यावे लागले. ६ फूट ७ इंचांची सेडोना प्रिन्स बोट मोडून बसली होती. विद्यापीठाने मग साध्या विद्यार्थिनींसाठी खुली निवड चाचणी ठेवली. चौघी निवडल्या गेल्या, त्यांत व्हॉलीबॉल संघातली खेळाडूही होती. त्यांना घेऊन हंगाम पुढे चालला.

त्याच हंगामात कनेक्टिकटच्या पाच जणी दुखापतींनी बाहेर होत्या आणि त्यांतल्या तिघी फ्रंटकोर्टच्या होत्या. पेज ब्युकर्स ही मूळची गार्ड. तिला आत, पॉवर फॉरवर्डच्या जागी खेळवावे लागले. तरीही संघ अंतिम चारांत पोहोचला आणि आयोवाकडून अवघ्या दोन गुणांनी हरला.

पुढचा उन्हाळा टीसीयूने वाया घालवला नाही. पोर्टलमधून अनुभवी खेळाडू आणल्या, प्रिन्सही बरी झाली आणि २०२५ मध्ये संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत गेला.

ओरेगन स्टेटची कथा याच्या उलट दिशेने सुरू होते. २०२४ मध्ये ते शेवटच्या आठांत होते. त्याच वर्षी बारा विद्यापीठांची पॅक-१२ कॉन्फरन्स फुटली, दहा विद्यापीठे निघून गेली आणि ओरेगन स्टेट मागे राहिले. मुख्य खेळाडू भराभर पोर्टलमध्ये गेल्या. त्यांत ६ फूट ४ इंचांची रेगन बीअर्सही होती, ती ओक्लाहोमात गेली. सगळ्यांनी या संघाचे नाव सोडले. पुढच्याच वर्षी नव्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून ओरेगन स्टेटने राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवली.

याचा अर्थ खेळाडू गेल्या तरी चालते असा नाही. ओरेगन स्टेटला पुन्हा शेवटच्या आठांत जाता आले नाही. फ्रंटकोर्टमध्ये पडलेले खिंडार एका वर्षात झाकता येते, पण पूर्वीच्या तोलाची फळी उभी राहायला जास्त वेळ लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या वेळी कुठल्या संघाने कोणती उंच खेळाडू आणली, ही बातमी वाचताना इंचांवर थांबू नये. ती मागच्या वर्षी किती मिनिटे खेळली, तिचे फाउल किती होतात, तिच्या पुढे कोण आहे आणि ती पुढची कधी पदवीधर होणार, हे चार प्रश्न विचारावेत. साउथ कॅरोलायनाने २०२५ मध्ये मिसिसिपी स्टेटकडून केनियाची ६ फूट ६ इंचांची मदिना ओकोट आणली. तिच्या नव्या संघात अ‍ॅशलिन वॉटकिन्सचा गुडघा जानेवारीतच दुखावला होता. हंगामाच्या तोंडावर क्लोई किट्सचाही गेला. उन्हाळ्यात जी भरती चैनीची वाटत होती, ती ऑक्टोबरमध्ये गरजेची ठरली. राखीव फळी बांधणाऱ्याचे कसब असे, की तिची गरज भासण्याच्या सहा महिने आधी तिच्यासाठी जागा राखून ठेवायची.